पगारे मेकची सायकल

जयराम पगारे नाशिकहून सायकलवरून वेरूळला जाणार, ही बातमी सगळ्यात आधी त्यांच्या पत्नीला, लताबाईंना कळली. लताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "का? एस.टी. बंद पडली का?"

हा प्रश्न पगारेंना फार लागला. एस.टी. बंद पडलेली नव्हती हे त्यांनाही ठाऊक होतं. किंबहुना एस.टी.ने ते एकदा वेरूळला जाऊनही आले होते. त्र्याहत्तर साली कचेरीची सहल गेली होती. बस थांबली तसे साहेब म्हणाले, "अर्धा तास." त्या अर्ध्या तासात साहेबांच्या पत्नीची एक चप्पल हरवली. ती शोधण्याचं काम, कचेरीतल्या बाकीच्या सगळ्या कामांप्रमाणे, पगारेंच्या अंगावर आलं. चप्पल दहाव्या लेण्याच्या पायरीपाशी सापडली. आत बुद्ध बसलेले. पगारेंनी त्यांचं दर्शन घेतलं ते दारातून, हातात बाईमाणसाची चप्पल धरून, आणि तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

सहा वर्षं होत आली तरी ही गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. कुणी विचारलं तर "हो, वेरूळ पाहिलंय," असं म्हणावं लागे आणि म्हणताना लाज वाटे. पन्नाशीला आता एकच वर्ष उरलं होतं. त्यांना पुन्हा जायचं होतं आणि ते सायकलवरच, कारण सायकल कुणाच्या हॉर्नवर निघत नाही. कॅरिअरवर अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह, एक पातेलं बांधायचं. वाटेत एखाद्या शाळेच्या ओट्यावर मुक्काम करायचा. आणि दहाव्या लेण्यात सकाळी जाऊन बसायचं ते पहारेकरी उठवीपर्यंत उठायचं नाही. सव्वीस वर्षं सरकारची नोकरी इमानाने केलेल्या माणसाने आयुष्याकडे एवढंच मागणं, हे पगारेंच्या मते मुळीच जास्त नव्हतं.

सायकल त्यांनी एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडून घेतली. काळी, उंच, सळईच्या ब्रेकची, वीस-एक वर्षं वापरलेली पण निगा राखलेली. मास्तरांनी ती देताना सीटवरून असा हात फिरवला की पगारेंना आपण कुणाची तरी लेक घेऊन चाललो आहोत असं वाटलं. एकच उणीव होती. पुढच्या नळीवर कंपनीच्या नावाचा जो पत्रा असतो तो कधीच पडून गेला होता आणि तिथे नुसती दोन भोकं उरली होती. त्यामुळे सायकल कुठल्या कंपनीची, हे मास्तरांनाही सांगता येईना. "चांगल्या कंपनीची आहे," एवढंच ते म्हणाले.

आता प्रश्न उरला तो हा, की ही जुनी सायकल सामानासकट एवढा पल्ला मारील का? हा प्रश्न पगारेंनी स्वतःच्या मनाला विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं. त्यांनी तो नाक्यावरच्या सोमाला विचारला. सोमाचं सायकलदुरुस्तीचं दुकान म्हणजे बाभळीखाली एक पेटी आणि पाण्याची घमेली. सोमाने मागचं चाक उचलून फिरवलं, कान लावून ऐकलं, आरे बोटाने वाजवले, हँडल धरून पुढचा चिमटा हलवून पाहिला.

"सिंगल फिरा," तो म्हणाला. "लोड नका टाकू."

"अरे, लोड टाकूनच जायचंय मला."

"मग ही नका नेऊ."

"का? चाक डुगडुगतंय? आउट आहे?"

"आउट नाय."

"हबमध्ये खेळ आहे? चिमटा वाकलाय? फ्रीव्हील घसरतंय?"

"तसं काय नाय भाऊ. खराब काहीच नाय. जुनी हे, एवढंच."

पगारेंना संताप आला. खराब काहीच नाही, पण जुनी आहे म्हणून ओझं टाकू नका, हा काय न्याय झाला? उद्या हाच सोमा माणसांबद्दलही असंच म्हणेल. कचेरीत तर म्हणतच होते. नवीन टाइपरायटर आला तेव्हा तो पगारेंना वगळून त्यांच्या निम्म्या वयाच्या माणसाच्या टेबलावर ठेवला होता. सायकलची बाजू घेणं हे त्या दिवसापासून पगारेंना स्वतःची बाजू घेण्यासारखं वाटू लागलं.

सायकल दारात लावायचा अवकाश, कॉलनी जमा झाली. वरच्या मजल्यावरचे कारभारी आहेर बाजार समितीत नोकरीला होते. मूळचे देवळ्याचे. जन्मभर कांद्याच्या गोण्या पाहिल्यामुळे जगातल्या कुठल्याही वजनाबद्दल बोलायचा हक्क आपल्याला आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांनी कॅरिअर हाताने दाबलं, मान हलवली. आहेर एरवी आपल्यासारखं बोलत, पण मत ठाम असलं की गावाकडच्या बोलीवर येत. "पगारेभाऊ, हाई सायकल घाटमा दगा दी," ते म्हणाले. "मी लिखी देस!"

"वेरूळच्या वाटेवर असा कोणता घाट आहे?" पगारेंनी विचारलं.

"घाट नसला तरी देईल," आहेर म्हणाले.

शेजारच्या बिऱ्हाडातले सहादू गांगुर्डे हे ओव्हरसियर. मोऱ्या आणि लहान पूल बांधण्यात त्यांची हयात गेलेली. ते आत्तापर्यंत गप्प होते. गप्प राहिलेल्या तांत्रिक माणसाचा पगारेंना आदर वाटे, हीच त्यांची चूक झाली. गांगुर्डे खिशातून दोरा काढून खाली बसले. मागच्या आसापासून जमिनीपर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं आणि एका वहीत लिहून घेतलं. "अशी मतं देऊन चालत नाही," ते म्हणाले. "कुठल्याही बांधकामावर आधी भार द्यायचा, मग किती वाकतं ते पाहायचं, मग मत. लोड टेस्ट घ्यावी लागेल."

पगारेंना हे पटलं. शास्त्रीय होतं. त्यांनी अंगणातल्या सोळा विटा पोत्यात भरून कॅरिअरवर बांधल्या आणि कॉलनीला तीन चकरा मारल्या. सायकल हूं की चूं करीना. पण गांगुर्डेंनी वहीत रेघ ओढली. "विटा म्हणजे डेड लोड. जागचा हलत नाही. प्रवासातलं सामान हलतं, हिंदकळतं. लाइव्ह लोड पाहिजे."

याच क्षणी समोरच्या सखुबाई दारात आल्या. त्यांच्या डोक्यावर दळणाचा डबा होता आणि हातात दुसरा. "भाऊ," त्या म्हणाल्या, "नाहीतरी ओझंच टाकायचंय ना? मग माझे हे गहू टाका की. गिरणीपर्यंत जा अन् या. तुमची टेस्टही होईल."

गांगुर्डे म्हणाले, "धान्य चालेल. धान्य हलतं."

पगारे गेले. गिरणीत नंबर लावला, दळण होईपर्यंत उभे राहिले, पिठाचे गरम डबे बांधून परत आले. सायकल ठणठणीत. पण गांगुर्डेंचं समाधान एका फेरीत होणारं नव्हतं. पुलाचंही होत नसे, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आहेरांकडची बाजरी होती. तिसऱ्या दिवशी गांगुर्डेंच्याच घरचे गहू होते. चौथ्या दिवशी पगारे कचेरीतून येऊन चहा घेतात न घेतात तोच दारात पाच डबे रांगेने मांडलेले, आणि प्रत्येकावर कुणाचं नाव, तर कुणाचा फाटका रुमाल खुणेला बांधलेला. रॉकेलचा कॅनही एक होता. तो कुणाचा हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण द्रव पदार्थाची चाचणी स्वतंत्र घ्यावी असं गांगुर्डेंनी सुचवल्याचं लताबाईंनी सांगितलं.

"अगं, पण ही माझ्या सायकलची टेस्ट आहे की कॉलनीची हमाली?" पगारे म्हणाले.

"तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना," लताबाई म्हणाल्या आणि डबे उचलायला मदत करू लागल्या.

यात एकादशी आली. सखुबाईंचं उपासाचं पीठ दळायचं होतं, वरीचं आणि राजगिऱ्याचं. ते कुणाच्याही मागून दळायचं नाही, आधी गिरणी झाडून घ्यायला सांगायची, असं त्यांनी चार वेळा बजावलं होतं. पगारेंनी ते गिरणीवाल्याला सांगितलंही. पण गर्दीत त्यांच्या आधीचा नंबर बाजरीचा होता आणि गिरणीवाल्याने मान हलवली ती नेमकी कशाला, हे पगारेंना समजलं नाही. संध्याकाळी सखुबाई थाळीत पीठ घेऊन आल्या. त्यात करडे ठिपके होते.

"ही बाजरी," त्या म्हणाल्या. "माझी एकादशी मोडली."

"अहो, मी गिरणीवाला आहे का?" पगारे ओरडले.

"नसाल. पण गेला होतात ना तुम्ही?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या फायलीत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता, त्या माणसाला अंगणात उभं राहून बाजरीचा जाब द्यावा लागला. आणि त्याहून कहर म्हणजे दुसऱ्या दिवशी सखुबाईंनी गव्हाचा डबा पुन्हा आणून ठेवला. रागावलेल्या माणसाने निदान डबा तरी दुसरीकडे पाठवावा की नाही?

मध्यंतरी सायकलला बिल्ला काढायचा होता. कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे, तो नसला तर रस्त्यात अडवीत. ज्या कार्यालयात हे काम होई तिथला कारकून फॉर्म भरता भरता थांबला. "मेक काय? कंपनी कोणती?"

"माहीत नाही. पत्रा पडलाय."

"मेक लिहावाच लागेल. बिनमेकची सायकल रजिस्टरला घेता येत नाही."

"मग 'अज्ञात' लिहा."

"अज्ञात म्हणजे चोरीची वाटते. कालच वरून तोंडी सूचना आलीय."

पगारेंना स्वतःच कारकून असल्यामुळे तोंडी सूचनेपुढे इलाज नसतो हे ठाऊक होतं. ते दोनदा घरी गेले, दोनदा परत आले. मास्तरांनी दोन कंपन्यांची नावं सांगितली, सोमाने तिसरं, आहेरांनी तर अशा कंपनीचं नाव सांगितलं जी फक्त पंप काढत होती. तिसऱ्या खेपेला पगारेंचा संयम संपला. त्यांनी कारकुनाच्या हातातून पेन घेतलं आणि रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं, 'पगारे'. कारकुनाने ते वाचलं. रकाना भरलेला होता. त्याने शिक्का मारला.

रजेचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. आठ दिवसांची अर्जित रजा, कारण खासगी. हेडक्लार्कनी अर्ज परत पाठवला. रजेच्या काळातला पत्ता लिहिलेला नव्हता.

"पत्ता नाही," पगारे म्हणाले. "सायकलवर असेन."

"सायकल हा पत्ता होत नाही. रजेवर असताना सरकारला कर्मचारी कुठे आहे ते माहीत पाहिजे. बोलावणं पाठवायचं झालं तर?"

"सव्वीस वर्षांत मला कधी बोलावलंय?"

"म्हणून तर आता बोलावण्याची शक्यता जास्त."

पगारेंनी 'मुंबई-आग्रा रस्ता' असं लिहून पाहिलं. हेडक्लार्कनी शेरा मारला: 'कोणत्या मैलाचा दगड?' त्या संध्याकाळी पगारे अंगणात डोकं धरून बसलेले पाहून आहेरांना खरोखरच कळवळा आला. "त्यात काय मोठं?" ते म्हणाले. "माझ्या बहिणीचा पत्ता द्या की. लंकाबाई, मु. पो. देवळा. कागदावर तुम्ही तिच्याकडे. कोण बघायला येतंय?" तसा अर्ज केला आणि रजा मंजूर झाली. पगारेंनी आहेरांचे मनापासून आभार मानले, हे लिहून ठेवण्यासारखं आहे, कारण पुढे ते त्यांनी मनातल्या मनात परत घेतले.

निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी आहेर खाली उतरले ते दोन्ही हातांनी एक वजनदार वस्तू पोटाशी धरून. ते शिलाई मशीनचं मुंडकं होतं. "बहिणीचं आहे, दुरुस्तीला आलेलं," ते म्हणाले. "तुमचा पत्ता तिथलाच आहे. जाताच आहात तर एवढं पोचवा."

"अहो आहेर, मी वेरूळला चाललोय! चांदवडहून मी उजवीकडे मनमाडला वळणार. देवळा डावीकडे!"

"पण सरकारी कागदावर तुम्ही देवळ्यालाच आहात ना?" आहेरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात धमकी मुळीच नव्हती. साधी आठवण होती. पगारेंनी मशीन हातात घेतलं.

पगारे देवळ्याला जातात म्हटल्यावर सखुबाईंची लेक सटाण्याला दिलेली निघाली, आणि देवळ्याहून सटाणा म्हणजे काय लांब? लेक बाळंत झाली होती. तिला डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दोन गोधड्या. गांगुर्डेंचे मेव्हणे सटाण्यालाच घर बांधत होते. त्यांना बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्यांचं एक पोतडं. 'जाताच आहात तर' हे तीन शब्द पगारेंनी त्या दुपारी इतक्या वेळा ऐकले की त्यांना ते शिवीसारखे वाटू लागले. नाही म्हणायला तोंड उघडावं तर समोर महिनाभर ज्यांचं पीठ वाहिलं ती माणसं, आणि बाळंतिणीच्या लाडवांना नाही म्हणायचं कसं?

सकाळी सामान बांधायला सगळी कॉलनी हजर होती. महिन्यापूर्वी जे म्हणत होते की या सायकलवर टोपीसुद्धा ठेवू नका, तेच आता दोऱ्या आवळत होते. गांगुर्डेंनी दोऱ्याने अंतर मोजलं, वहीत पाहिलं आणि हात वर केला.

"जास्त होतंय. मर्यादेबाहेर. काहीतरी उतरवावं लागेल."

सगळ्यांनी कॅरिअरकडे पाहिलं. मशीन, लाडू, गोधड्या, बिजागऱ्या, आणि सगळ्यात वर पगारेंची वळकटी, स्टोव्ह, पातेलं.

"लोकांच्या वस्तू आहेत," आहेर म्हणाले. "त्या कशा उतरवायच्या?"

"बरोबर आहे," सखुबाई म्हणाल्या. "भाऊंचं काय, ते पाहुण्यांकडेच उतरणार. तिथे अंथरुणाला काय तोटा?"

आणि पगारेंच्या डोळ्यांदेखत त्यांची वळकटी सोडून ओट्यावर ठेवली गेली. त्यावर स्टोव्ह, त्यावर पातेलं. स्वतःच्या सहलीतून स्वतःचं अंथरूण उतरवलेला माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. वळकटीकडे पाहताना त्यांना ती चप्पल आठवली.

लताबाई दारात उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या. त्या वळकटी, स्टोव्ह आणि पातेलं घेऊन आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या जुन्या लुगड्यात घट्ट बांधलेलं एक मोठं गाठोडं घेऊन. "हे माझ्या भावाला द्या," त्या म्हणाल्या. "सटाण्याला. पुंजाला."

पगारेंना आपल्या कानांवर विश्वास बसेना. पुंजाला तिने दोन वर्षांत साधं पोस्टकार्ड टाकलेलं नव्हतं.

"तूही?" ते म्हणाले.

"जाताच आहात तर," लताबाई म्हणाल्या.

"वहिनींच्या भावाचं आहे, घ्या, घ्या," आहेर म्हणाले आणि गाठोड्याला ताबडतोब जागा झाली. गांगुर्डेंना पुन्हा मोजावंसंही वाटलं नाही. सखुबाईंनी पुढच्या नळीवर, जिथे कंपनीचा पत्रा असायला हवा होता तिथे, त्या दोन भोकांतून दोरा ओवून लिंबू आणि सात मिरच्या बांधल्या. पगारेंच्या घरात असलं काही चालत नसे हे त्यांना माहीत होतं, पण ही सायकलची बाब आहे असं त्या म्हणाल्या. पगारेंनी बायकोकडे न पाहता पायडल मारलं.

आडगाव गेलं, ओझर गेलं. पगारे रागाच्या भरात सायकल चालवत होते आणि राग उतरेपर्यंत पिंपळगाव आलं. तिथे एका लिंबाखाली त्यांनी भाकरी सोडली आणि तोंडी लावायला पुढच्या नळीवरच्या दोन मिरच्या तोडल्या. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की सायकल चालली आहे. नुसती चालली नाही, मस्त चालली आहे. एवढं ओझं घेऊन ना पंक्चर, ना चेन उतरली, ना कॅरिअर कुरकुरलं. महिनाभर जिची सुनावणी चालली त्या सायकलीला एक साक्षीदार नसावा याचाही त्यांना राग आला. त्यांनी शेजारच्या चहावाल्याला सांगितलं, "या सायकलला वीस वर्षं झालीत." तो म्हणाला, "जुनी हे मग."

चांदवडला ते पोचले तेव्हा दुपार कलली होती. फाट्यावर त्यांनी पाय टेकला. डावीकडे देवळा आणि सटाणा. तिकडे गेलं की तीन दिवस गेले. दोन्हीकडे पाहुणचार, दोन्हीकडून परतीचा निरोप आणि परतीची गाठोडी. रजा आठ दिवसांची. उजवीकडे मनमाड आणि पुढे वेरूळ. कागदावर ते डावीकडे होते. सरकार त्यांना डावीकडे समजत होतं, कॉलनी समजत होती, आणि सव्वीस वर्षांत जिथे समजले जात होते तिथे नाहीत असं एकदाही घडलं नव्हतं.

पगारे पाच मिनिटं उभे राहिले. मग त्यांनी सायकल सरळ एस.टी. स्टँडवर नेली.

सटाण्याची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात तिकिटांचा ट्रे घेऊन उभा. पगारेंनी त्याला मशीनचं मुंडकं दाखवलं. "देवळ्याला लंकाबाई म्हणून आहेत. नाशिकचे कारभारी आहेर, त्यांची बहीण. स्टँडवर कुणी न्यायला..."

"कारभारीभाऊना सामान शे?" कंडक्टर म्हणाला. "माले माहीत शे ना घर. दर महिन्याला आमच्याच गाडीनं धाडतस ते. द्या."

"दर महिन्याला?" पगारे म्हणाले. "मग या महिन्याला काय झालं होतं?"

"या बारीले तुमनी सायकल व्हती ना," कंडक्टर म्हणाला.

पगारेंनी मशीन त्याच्या पायाशी ठेवलं, जरा जोरातच. सामानाचं तिकीट घेतलं. लाडू, गोधड्या, बिजागऱ्या, सगळ्यावर चिठ्ठ्या लावून नावं लिहिली. शेवटी लताबाईंचं गाठोडं. त्यांनी त्यावरही लिहिलं, 'पुंजा, सटाणा'. हे मात्र त्यांनी सावकाश लिहिलं, कारण हे एवढं परक्यांचं नव्हतं.

"यामा काय शे?" कंडक्टरने विचारलं. "फुटणारं नही ना?"

पगारेंना माहीत नव्हतं. त्यांनी गाठ सोडली. आत त्यांची स्वतःची सतरंजी होती. सतरंजीत पांघरूण, पांघरुणात स्टोव्ह, आणि स्टोव्हवर पातेलं उपडं घातलेलं. पातेल्यात शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि वहीचा एक कागद. लताबाईंचं अक्षर सातवी पास असलं तरी पगारेंच्या कचेरीतल्या अक्षरांपेक्षा चांगलं होतं.

'अहो, गाठोडं तुमचंच आहे. तुमचं म्हणून ठेवलं असतं तर उतरवलं असतं. भावाचं म्हटल्यावर कोणी हात लावला नाही. सायकल चांगली आहे, मी महिनाभर बघत होते. बाकीच्यांचं सामान चांदवडला गाडीत टाकून द्या, एस.टी. अजून बंद पडलेली नाही. लेण्यात पाहिजे तितकं बसा. कोणाची चप्पल हरवली तर शोधू नका.'

पगारेंनी कागद दोनदा वाचला. डोळे पाणावले ते त्यांनी धुळीच्या नावावर पुसले. पण लगेच त्यांना नव्याने राग आला. सव्वीस वर्षांत एकच निर्णय स्वतःच्या डोक्याने घेतला होता, फाट्यावर पाच मिनिटं उभं राहून, आणि तोही घरून आधीच झालेला निघाला.

"देवानं का नही?" कंडक्टर ओरडला. गाठोडं द्यायचं की नाही, एवढंच त्याला हवं होतं; गाडी सुरू झाली होती.

"नाही," पगारे म्हणाले. "हे माझं आहे." आणि पुंजाच्या नावाची चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली.

गाठोडं कॅरिअरवर नीट बांधून, सायकल फाट्यावर आणून त्यांनी ती उजवीकडे वळवली. सायकल इतकी हलकी चालू लागली की त्यांना शिट्टी घालावीशी वाटली. कागद खिशात ठेवताना त्यांना दिसलं की मागच्या बाजूलाही दोन ओळी आहेत.

'येताना मनमाडच्या मावशीकडे आपला पाटा-वरवंटा पडून आहे, तो घेऊन या. येणारच आहात तर.'

पगारेंनी चालत्या सायकलवर एक हात मागे नेला आणि कॅरिअर दाबून पाहिलं. पाटा हा डेड लोड धरायचा की लाइव्ह, हे विचारायला गांगुर्डे आता पासष्ट किलोमीटर मागे राहिले होते.